वेगळा प्लग

घरी पाहुणा आला की पाण्याच्या तांब्यापाठोपाठ हल्ली वायफायचा पासवर्ड दिला जातो. तो पासवर्ड ज्या डब्याचा असतो, त्याच्याकडे मात्र कुणी मान वर करून पाहत नाही. फायबरची वायर जिथून घरात शिरते तिथे, टीव्हीच्या मागे, दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तकांच्या फळीवर तो दोन-चार हिरवे ठिपके लुकलुकवत बसलेला असतो. विजेचा मीटर, मेन स्विच, गच्चीवरची टाकी यांच्याच जातीची ही वस्तू. चालू आहे तोवर तिची आठवण नसते, आणि बंद पडली की सगळं घर हातातलं काम टाकून तिच्याभोवती गोळा होतं. राउटरचा हा अबोलपणा मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. आईचं बँकेचं काम, मुलाचा अभ्यास, आजोबांचं कीर्तन, रात्री दोन वाजता कुणीतरी एकट्याने केलेली आजाराची शोधाशोध, हे सगळं त्याच्यातून जातं आणि त्याला त्यातल्या कशाचं सोयरसुतक नसावं अशी आपली अपेक्षा असते. टाकीने पाणी द्यावं. ते कोण कशासाठी वापरतं याची चौकशी करू नये. म्हणून या डब्यात मायक्रोफोन बसवून त्याला घरातल्या माणसांचं ऐकायला लावण्याची कल्पना बाजारात आली, तेव्हा ती मला सोय म्हणून पटली नाही. आजही पटत नाही. तिच्या बाजूने जे बोललं जातं त्यात तथ्य आहे, त्यामुळे ते नीट ऐकून मगच माझा आक्षेप मांडायला हवा.

या कल्पनेचा इतिहास छोटा आहे. २०१५ मध्ये गूगलने ऑनहब नावाचा राउटर आणला. गुळगुळीत, नळकांड्यासारखा, अँटेना आत लपवलेला. त्यात स्पीकर होता, पण तो पहिल्यांदा जोडणी करताना फोनला आवाजाने खूण पटवण्यापुरता. बोलणं ऐकून उत्तर देणारा सहायक त्यात नव्हता. पुढे अॅमेझॉनची अॅलेक्सा आणि गूगल असिस्टंट हे सहायक घराघरांत शिरले आणि चित्र बदललं. २०१८ मध्ये बर्लिनच्या इफा प्रदर्शनात नेटगिअरने हार्मन कार्डनचा स्पीकर आणि अॅलेक्सा असलेला ऑर्बी व्हॉइस दाखवला. त्याच प्रदर्शनात हुआवेने एआय क्यूब नावाचा फोर-जी राउटर आणला, त्यातही अॅलेक्सा. २०१९ च्या जानेवारीत आसूसने लायरा व्हॉइस मांडला. आणि त्या वर्षी १५ ऑक्टोबरला गूगलने न्यूयॉर्कमध्ये नेस्ट वायफाय जाहीर केला. त्याच्या मुख्य राउटरला कान नव्हते, पण घराच्या दुसऱ्या टोकाला सिग्नल पोचवणारा जो जोडडबा, ज्याला त्यांनी पॉइंट म्हटलं, त्यात स्पीकर होता आणि लांबूनही बोलणं टिपणारे तीन मायक्रोफोन होते. सव्वा वर्षाच्या आत चार कंपन्यांना एकच गोष्ट सुचावी, यामागे काहीतरी ठोस कारण असणारच.

ते कारण होतंही, आणि मला ते आदराने मांडावंसं वाटतं. राउटर दिसायला कुरूप असतो, म्हणून लोक तो कपाटात, सोफ्यामागे, माळ्यावर ढकलतात. रेडिओ लहरींना भिंती, आरसे, लोखंडी कपाटं आणि पाण्याने भरलेल्या वस्तू आवडत नाहीत. पाच गिगाहर्ट्झच्या लहरी तर अडीचच्या आसपासच्या जुन्या लहरींपेक्षा भिंतीत जास्त जिरतात. डबा मोकळ्यावर, थोडा उंच, घराच्या मध्यावर असेल तर सगळ्यांनाच वेग मिळतो. मग त्या डब्याला असं काही काम दिलं की लोक आपण होऊन तो टेबलावर ठेवतील, तर वायफायही सुधारेल आणि गाणीही ऐकता येतील. शिवाय दोन वायरींऐवजी एक, दोन प्लगांऐवजी एक. तर्क सरळ आहे. पण तो ऐकताना एक प्रश्न मनात येतो. डबा मोकळ्यावर ठेवला जावा एवढंच हवं होतं, तर ते ऑनहबने नुसत्या देखणेपणावर साधायचा प्रयत्न केलाच होता. राउटरचं रूप सुधारायला मायक्रोफोन लागत नाही. आणि ज्या दिवशी नेस्ट वायफाय जाहीर झाला, त्याच दिवशी, त्याच मंचावर त्याच कंपनीने नेस्ट मिनी हा वेगळा स्पीकर ४९ डॉलरला जाहीर केला. एका पॉइंटची किंमत १४९ डॉलर होती. ज्याला बोलणारा सहायक हवा होता, त्याच्यासाठी तो स्वस्तात, सुटा, हवा तिथे ठेवण्याजोगा आधीच हजर होता. दोन्ही एकाच खोक्यात कोंबण्याची गरज घराला नव्हती. उलट ही जोडणी करताना काय गमावलं तेही पाहायला हवं. २०१६ च्या गूगल वायफायच्या प्रत्येक डब्याला वायर लावायला दोन इथरनेट खोबणी होत्या. २०१९ च्या पॉइंटला एकही नव्हती. खोलीत संगणक असेल, त्याला पक्की वायर जोडायची असेल, तर जोडायची कुठे? एका डब्यात दोन कामं मांडताना कुणाची जागा वाढली आणि कुणाची गेली, ते यातून उघड दिसतं. हा डबा आला तेव्हा वायफाय सिक्स या नव्या पिढीची प्रमाणपत्रं देणं महिनाभर आधी सुरू झालं होतं, आणि नेस्ट वायफाय मात्र आधीच्या पिढीचा होता. कान नवे आणि रेडिओ जुना, अशी ती रचना होती.

यावर कुणी म्हणेल, जोडवस्तूंचा आपल्याला इतका तिटकारा कधीपासून? महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांनी टू-इन-वनवर जीव लावला होता. आखातातून येणाऱ्या नातेवाइकाकडे त्याचीच मागणी असे. सकाळी आकाशवाणीच्या बातम्या आणि संध्याकाळी कॅसेटवर भावगीतं, एकाच यंत्रावर. ते उदाहरण मला मोलाचं वाटतं, कारण चांगली जोडवस्तू कशी असते ते त्यातून समजतं. रेडिओ आणि टेप यांचा स्पीकर एक, आवाज वाढवणारं सर्किट एक, वीज एक, आणि त्यांचं काम मुळात एकाच जातीचं, म्हणजे ऐकवण्याचं. एक चालू असताना दुसरा गप्प. टेपचं हेड झिजलं तर रेडिओ चालू राहायचा. आणि सगळं यंत्र उचलून माळ्यावर टाकलं तरी घराचं दुसरं काही अडत नसे. राउटर आणि ऐकणारा सहायक यांचं नातं असं नाही. एकाचं काम घरातली माहिती इकडून तिकडे बिनबोभाट पोचवणं, दुसऱ्याचं काम घरातलं बोलणं टिपून ते कंपनीच्या संगणकाकडे पाठवणं. एक अखंड चालू असायला हवा, दुसरा हवा तेव्हाच चालू असावा. या दोघांना एका प्लगवर आणलं की जो अखंड चालायला हवा त्याच्या गरजेवर दुसराही अखंड चालत राहतो. माझा सगळा आक्षेप इथून सुरू होतो.

हे ऐकणारं यंत्र काम कसं करतं, त्याबद्दल अनेकांच्या मनात अवास्तव भीती आहे, आणि तिच्या आधारावर मला काही सिद्ध करायचं नाही. यंत्रातली एक छोटी चिप शेवटच्या काही क्षणांचा आवाज सतत तपासत असते आणि ठरलेली हाक ऐकू आली का, एवढंच पाहते. हाक जुळली की पुढचं बोलणं इंटरनेटवरून कंपनीकडे जातं, तिथे त्याचा अर्थ लावला जातो, उत्तर परत येतं. नॉर्थईस्टर्न विद्यापीठ आणि लंडनचं इम्पीरियल कॉलेज यांच्या संशोधकांनी २०२० मध्ये यावर काळजीपूर्वक काम केलं. स्पीकरांसमोर तासन्‌तास इंग्रजी मालिका लावून ठेवल्या आणि कोणता स्पीकर कधी विनाकारण जागा होतो ते मोजलं. हे स्पीकर सतत सगळं मुद्रित करून पाठवत असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण संशयाने सत्यापेक्षा पुढे पळू नये. पण त्याच अभ्यासात हाक न मारता जागं होण्याचं प्रमाण सरासरी तासाला जवळपास एक निघालं. म्हणजे यंत्र हेरगिरी करत नाही, पण ते चुकतं. आणि चुकल्यावर काय होऊ शकतं ते २०१८ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये दिसलं. एका कुटुंबाचं घरातलं खासगी बोलणं त्यांच्या इकोने, म्हणजे अॅलेक्सा असलेल्या स्पीकरने, मुद्रित केलं आणि त्यांच्या ओळखीच्या एका माणसाला पाठवून दिलं. अॅमेझॉनने दिलेलं स्पष्टीकरण असं होतं की बोलण्यातला एक शब्द यंत्राला अॅलेक्सासारखा वाटला, पुढचं काहीतरी निरोप पाठवा असं वाटलं, कुणाला असं त्याने विचारल्यावर मागे चाललेल्या बोलण्यातून त्याला एक नाव ऐकू आलं, आणि खात्री करण्याच्या प्रश्नाचं उत्तरही त्याला त्याच बोलण्यात सापडलं. चार चुका एका ओळीत घडल्या आणि यंत्राच्या दृष्टीने प्रत्येक पायरीवर घरच्यांची संमती होती. पुढच्या वर्षी बेल्जियमच्या व्हीआरटी वाहिनीच्या हाती गूगल असिस्टंटने टिपलेले हजाराहून जास्त आवाजाचे तुकडे लागले. त्यांतले १५३ हाक न मारताच टिपले गेलेले होते. ते तुकडे माणसं ऐकत होती, यंत्राला भाषा शिकवण्यासाठी. त्याच वर्षी अॅलेक्साचे तुकडे ऐकणाऱ्या कर्मचाऱ्यांबद्दल बातमी आली, तेव्हा त्या कामाच्या ठिकाणांत बॉस्टन, कोस्टारिका आणि रुमानियाबरोबर भारताचंही नाव होतं. म्हणजे चुकून टिपलेलं बोलणं कुणा परक्या माणसाच्या कानी पडण्याची गोष्ट कल्पनेतली नाही.

चुकणारं यंत्र घरात असूच नये, असं माझं म्हणणं नाही. मिक्सर जळतो, गीझर बिघडतो, लिफ्ट अडकते. आपण त्यांच्याबरोबर राहतो. पण राहू शकतो ते एका भरवशावर. नको वाटलं त्या क्षणी त्याचा प्लग काढता येतो. घरातल्या कुठल्याही यंत्रावर माणसाचा जो अखेरचा अधिकार आहे, तो हाच, आणि त्याला ना इंग्रजी यावं लागतं, ना अॅपमधल्या सातव्या पानावरचा पर्याय शोधावा लागतो. पंच्याहत्तर वर्षांची आजीसुद्धा तो बजावू शकते. सुट्या स्मार्ट स्पीकरवर हा अधिकार शाबूत असतो. डॉक्टरांशी बोलायचं आहे, घरात भांडण चाललं आहे, मुलीच्या लग्नाची बोलणी आहेत, वकील आले आहेत. स्पीकरची वायर काढून ठेवा, प्रश्न मिटला. तोच स्पीकर राउटरमध्ये असेल तर वायर काढताक्षणी मुलीची मीटिंग तुटते, नातवाचा ऑनलाइन पेपर अडतो, दारावरचा कॅमेरा आंधळा होतो. मग कुणीच वायर काढत नाही. अधिकार कागदावर उरतो आणि व्यवहारात जातो. तो कुणी हिसकावून घेतलेला नसतो. तो वापरण्याची किंमत सगळ्या घराला मोजावी लागेल, अशी फक्त व्यवस्था झालेली असते. लोकांचे हक्क बहुतेक वेळा याच वाटेने जातात, आणि म्हणून डब्याच्या रचनेचा हा प्रश्न मला लहान वाटत नाही.

यावर सर्वांत वजनदार उत्तर असं आहे की नेस्ट वायफायच्या पॉइंटला माईक बंद करायचा सरकता खटका होता. तो सरकवला की वायफाय चालू आणि कान बंद. हे खरं आहे, आणि तो खटका देणाऱ्यांना त्याचं श्रेय द्यायला हवं. पण खटका आणि प्लग यांत फरक आहे. प्लग काढला की यंत्रात वीजच नसते. ते डोळ्यांनी दिसतं, त्यावर विश्वास ठेवावा लागत नाही. खटका मात्र जे करतो असं सांगितलं जातं, ते तो करतो हे मानावं लागतं. बहुतेक वेळा तो करतच असेल. तरी याच व्यवसायात गेल्या काही वर्षांत घडलेल्या तीन गोष्टी मला विसरता येत नाहीत. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये गूगल होम मिनी या स्पीकरच्या काही यंत्रांत वरच्या स्पर्शपट्टीत दोष निघाला. कुणी हात न लावता यंत्राला स्पर्शाचा भास होई आणि ते ऐकू लागे. कंपनीला वरच्या स्पर्शाची ती सोयच कायमची काढून टाकावी लागली. दुसरी गोष्ट २०१९ च्या फेब्रुवारीतली. घराच्या राखणीसाठी विकल्या जाणाऱ्या गूगलच्या नेस्ट सिक्युअर या संचात आता असिस्टंट चालेल अशी घोषणा झाली, आणि तेव्हा ग्राहकांना कळलं की त्या यंत्रात पहिल्यापासून मायक्रोफोन आहे. वैशिष्ट्यांच्या यादीत त्याचा उल्लेखच नव्हता. तो लपवण्याचा हेतू नव्हता, यादीत लिहायचं राहून गेलं, असं कंपनीने सांगितलं. ते मान्य केलं तरी एवढं उरतंच, की लोकांनी राखणदार म्हणून आणलेल्या वस्तूला कान होते आणि घरातल्या कुणाला ते ठाऊक नव्हतं. तिसरी गोष्ट ताजी आहे. अमेरिकेतल्या काही इको यंत्रांवर आवाजाचं मुद्रण कंपनीकडे पाठवू नका असा पर्याय निवडता येत असे. अॅमेझॉनने २८ मार्च २०२५ पासून तो पर्याय बंद केला. यंत्र तेच, घर तेच, पैसे मोजलेले तेच. नियम मात्र बाहेरून बदलला. ज्यावर विसंबून यंत्र घरात आणलं तो शब्द एका सूचनेने मागे घेतला जातो, तेव्हा माणसाच्या हातात उरतो तो प्लग. तोही राउटरला बांधून ठेवलेला असेल तर काय उरलं?

जुन्या वाड्यांच्या रचनेत एक शहाणपण होतं. दिंडी दरवाज्यातून आत शिरलं की दोन्ही अंगांना देवड्या असायच्या. पहारेकऱ्यांची जागा तिथे. कोण आलं, कोण गेलं एवढं त्यांनी पाहायचं. माजघरातलं बोलणं ऐकणं हे त्यांचं काम नव्हतं, आणि माजघरात वावरणाऱ्याच्या कमरेला दिंडीच्या किल्ल्या नसायच्या. राउटर ही आजच्या घराची देवडी आहे. कुठलं उपकरण कुठल्या पत्त्यावर गेलं, किती वाजता गेलं, किती माहिती गेली, हे त्याच्या पुढ्यातून जातं. मजकूर हल्ली बहुतेक वेळा कुलूपबंद असतो, पण येण्याजाण्याच्या खुणाही बोलक्या असतात. म्हणून हल्लेखोरांचा डोळा राउटरवर आधीपासूनच आहे. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या घातक प्रणालीने ५४ देशांतली किमान पाच लाख यंत्रं पछाडली होती, आणि एफबीआयने लोकांना आपापले राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं होतं. अशा ठिकाणी जेवढं कमी सॉफ्टवेअर तेवढं बरं. सहायक आला की त्याच्याबरोबर गाण्यांच्या सेवा येतात, ब्लूटूथ येतं, बाहेरच्या लोकांनी लिहिलेली छोटी अॅप येतात. बर्लिनच्या एसआर लॅब्सच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशी अॅप बनवली, जी वरवर राशिभविष्य सांगत आणि संपल्यासारखी वाटूनही ऐकत राहत. ती अॅमेझॉन आणि गूगल दोघांच्याही तपासणीतून पार झाली होती. यावरचा रूढ सल्ला असा, की फ्रिज, बल्ब, स्पीकर ही मंडळी वेगळ्या नेटवर्कवर ठेवावीत आणि बँकेचं काम करणारा लॅपटॉप वेगळ्या. एफबीआयच्या पोर्टलंड कार्यालयानेही हेच सांगितलं होतं. आता प्रश्न सरळ आहे. पाहुण्याला वेगळ्या खोलीत ठेवायचं काम ज्याच्याकडे, तोच पाहुणा असेल तर त्याला कुठल्या खोलीत ठेवणार? एकाच खोक्यातही दोन भाग एकमेकांपासून अलग ठेवणारी रचना करता येते, असं अभियंते सांगतील, आणि ते खरं आहे. पण ती अलगता कंपनीने आत केलेली असते. दोन वेगळी खोकी असतात तेव्हा ती मीच केलेली असते, आणि मला दिसते.

मग खिशातल्या फोनचं काय, हा प्रश्न येतोच. त्यात माईक आहे, कॅमेरा आहे, तो कुठे फिरतो हेही त्याला ठाऊक असतं. त्याच्यापुढे राउटरचा स्पीकर किस झाड की पत्ती? फोनच्या बाबतीत आपण फार सैल वागतो, हे मान्य. पण एके ठिकाणी ढिलाई झाली म्हणून दुसऱ्या ठिकाणीही ती करावी, हे पटण्याजोगं नाही. आणि फोनला एक मालक असतो. तो मालकाबरोबर घरात येतो आणि बाहेर जातो, त्याच्या परवानग्या मालक देतो. भिंतीवरच्या डब्याला असा एक मालक नाही. त्याच्यापुढे बोलणारं प्रत्येक माणूस त्याला सारखंच. कनेक्शन ज्याच्या नावावर त्याने अटींवर बोट ठेवलं, की घरातल्या सगळ्यांचं बोलणं त्याच्या हद्दीत आलं. धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशी स्वयंपाकघरात आपल्या घरचं दुःख सांगतात, शेजारच्या काकू भिशीला येतात, मुलांचे मित्र अभ्यासाला येतात, सुनेचे आईवडील चार दिवस राहून जातात. यांतल्या कुणी कशाला होकार दिला? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्णय दिला. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने संमती मुक्त, नेमकी, माहितीवर आधारलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी असं सांगितलं. ही पाच विशेषणं एकेक करून त्या मावशींना लावून पाहावीत. एकही टिकत नाही. सुटा स्पीकर निदान दिसतो, ओळखू येतो. त्याच्यासमोर बोलायचं की नाही हे समोरचा ठरवू शकतो. राउटरमधला कान दिसतच नाही, कारण राउटरला कान असतील असं कुणाच्या मनातही येत नाही.

या सगळ्यात एक आक्षेप मला खरोखर अस्वस्थ करतो. आवाजाने चालणारं यंत्र काही माणसांसाठी सोयीपलीकडचं असतं. दृष्टी नसलेल्याला, हात थरथरणाऱ्या वृद्धाला, पलंगाला खिळलेल्याला ते जगाशी जोडतं. वेळ सांगतं, औषधाची आठवण देतं, मुलाला फोन लावून देतं. त्यांच्या गरजेपुढे माझा संशय चैनीचा ठरेल का, हे मी स्वतःला विचारलं आहे. उत्तर असं मिळतं की त्या माणसालाच सुटा स्पीकर जास्त उपयोगी आहे. तो उशाशी ठेवता येतो, दवाखान्यात नेता येतो, नवा घेता येतो. राउटरला घराच्या मध्यावर, उंचावर जागा लागते. आजारी माणसाचा पलंग तिथे क्वचितच असतो. मराठी घरासाठी आणखी एक गोष्ट आहे. गूगल असिस्टंट फोनवर २०१८ पासून मराठी समजू लागला, पण अॅलेक्सा भारतात इंग्रजी आणि हिंदीच बोलते. ज्या आजीसाठी हे यंत्र आणायचं तिला त्याच्याशी परक्या भाषेत बोलावं लागतं. तिचं मराठी त्याला समजत नाही, तरी चुकून जागं झालं तर टिपता येतं. सेवा अर्धी आणि ऐकणं पुरतं, हा व्यवहार मला न्यायाचा वाटत नाही.

शेवटी प्रश्न आयुष्याचा आहे, यंत्राच्या आणि कंपनीच्या मनसुब्यांच्या. ऑनहबला गूगलकडून मिळणारा आधार डिसेंबर २०२२ मध्ये थांबला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये गूगलने नेस्ट वायफाय प्रो बाजारात आणला. रेडिओ नवा, वेग जास्त, आणि स्पीकरही नाही, माईकही नाही. शिवाय आधीच्या नेस्ट वायफायचे डबे या नव्याशी जुळत नाहीत. म्हणजे ज्यांनी त्याच्या तीन वर्षं आधी कानवाले पॉइंट घेतले, त्यांना नवा राउटर घ्यायचा तर पॉइंट बाजूला ठेवायचे, आणि त्यांच्याबरोबर चांगले चालणारे स्पीकरही. जोडवस्तूतला अर्धा भाग म्हातारा झाला की उरलेल्या तरुण अर्ध्यालाही अडगळीत जावं लागतं. एक प्लग वाचल्याचं समाधान तिथे महाग पडतं. अॅमेझॉन त्याच सुमारास उलट दिशेने निघाली आणि इको डॉटला ईरो या आपल्याच राउटरच्या वायफायचा सिग्नल पुढे पोचवायचं काम दिलं. ही रचना मला त्यातल्या त्यात बरी वाटते, कारण तिथे मूळ राउटर मुका राहतो आणि इकोचा प्लग काढला तर फार तर एका खोलीतला सिग्नल कमी होतो. पण उद्या कुणी त्या खोलीतला सगळा भार त्या डॉटवरच टाकला, तर आपण पुन्हा त्याच जागी येऊ.

आपल्याकडे बहुतेक घरांत राउटर दुकानातून निवडून आणला जात नाही. इंटरनेट कंपनीचा माणूस तो घेऊन येतो, भिंतीला ठोकतो, सही घेतो आणि जातो. निवड करायची वेळच येत नाही, म्हणून विचारायची वेळ तरी चुकवू नये. तो माणूस शिडीवर असतानाच त्याला विचारा: यात माईक आहे का? असेल तर माईक नसलेला डबा मागा, आणि नाही म्हणाला तर ते पावतीवर लिहून घ्या. बोलणारा स्पीकर हवाच असेल तर जरूर आणा, पण त्याची वायर वेगळ्या सॉकेटमध्ये लावा. ते सॉकेट घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर असू द्या.